कोर्लईची 'नॉ लिंग': पोर्तुगीज गेले, भाषा राहिली

पाव, चावी, पगार हे शब्द आपण रोज वापरतो, आणि तिन्ही मूळचे पोर्तुगीज. मराठीने शब्द घेतले आणि विषय संपला. पण अलिबागच्या पुढे, रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई नावाचं गाव लागतं. तिथे पोर्तुगीजांची नुसती शब्दांची उधारी नाही, तर त्या संबंधातून जन्मलेली अख्खी भाषा आहे. तिचं नाव 'नॉ लिंग'. हसू नका! पोर्तुगीजमध्ये 'लिंग्वा' म्हणजे भाषा. नॉ लिंग म्हणजे 'आमची भाषा', बस्स.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज चौलला आले, १५९४ मध्ये त्यांनी कोर्लईचा किल्ला घेतला. शिपायांनी इथल्याच बायकांशी लग्नं केली, काही स्थानिक लोक ख्रिस्ती झाले, आणि या घरांमधून ही बोली तयार झाली. पुढे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, आणि १७४० मध्ये चौल-कोर्लईही मराठ्यांकडे आलं. गोरे साहेब गेले. ही माणसं कुठे जाणार? ती इथलीच होती.

मग भाषा टिकली कशी? खरं सांगायचं तर दुराव्यामुळे. धर्म वेगळा, म्हणून आजूबाजूच्या गावांशी सोयरीक नाही. लग्नं आपसातच, त्यामुळे घरातली भाषा घरातच राहिली. चर्चमध्ये १९६० च्या दशकापर्यंत पोर्तुगीज होती, नंतर मराठी आली.

मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. पोर्तुगीज माणूस 'मी खातो भात' अशा क्रमाने बोलतो. कोर्लईकर 'मी भात खातो' म्हणतात, आपल्यासारखं क्रियापद शेवटी. शब्द लिस्बनचे, वाक्याची चाल मराठी! अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये या भाषेवर अख्खं पुस्तक लिहिलं. आपण मात्र किल्ल्यावर सेल्फी काढून परत येतो.

आता बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. शाळा मराठीत, नोकरी बाहेर. १९८० च्या दशकात खाडीवर पूल झाला आणि गाव जवळ आलं. शाळा नको, पूल नको असं कुणी म्हणेल का? मीही म्हणणार नाही. पण ज्या दुराव्याने भाषा राखली तो आता उरला नाही, आणि पोरं घरीसुद्धा मराठीच बोलायला लागली तर नॉ लिंग बोलायची कुठे? तिला ना शाळेत तास, ना दुकानावर पाटी.

पुढच्या वेळी किल्ल्यावर गेलात तर खाली गावात एक चहा घ्या, आणि जरा कान देऊन बसा.