नवी डिस्क, जुनी अक्षरे

धाराशिवच्या आमच्या जुन्या डेस्कटॉपमधील आयडीई हार्ड डिस्कवरचे लेखन आम्ही नव्या एसएसडीवर उतरविले. फायली शाबूत आल्या. देवनागरीऐवजी मात्र रोमन चिन्हांची खिचडी दिसली. संगणकाची देवनागरी मुळात सुट्या भागानेच आली होती. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये घडलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवावे, तेव्हा पडद्यावर भारतीय लिपी उमटे. १९९१ साली युनिकोडमध्ये देवनागरी आली, तरी मराठी छपाई दीर्घकाळ प्रत्येक फाँटच्या खाजगी संकेतांवरच चालली. फाँट गेला की मजकूर मुका. तेरच्या संग्रहालयातील सातवाहनकालीन मृण्मूर्ती आम्ही ओळखू शकतो, स्वतःचा २००३चा लेख नाही! अखेर तो फाँट सापडला जुन्याच डिस्कवर. ती आम्ही अद्याप टाकलेली नाही.