पवनारहून दिल्लीला पायी

सरकारवर रागावणे हा आपल्याकडे घरोघरी चालणारा उद्योग आहे, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर त्याला विशेष रंग चढतो. महागाईपासून सुरुवात होते, मग रस्ते, शाळा, कापसाचा भाव, आणि शेवटी कोणी तरी वडीलधारे सुस्कारा टाकून म्हणतात, "दिल्लीत आपले ऐकतो कोण?" प्रश्न रास्त आहे, पण तो आजचा नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका माणसाने १९५१ साली तो दिल्लीलाच जाऊन विचारला, आणि तोही पायी चालत जाऊन. पुढे भूदानाचा गजर एवढा मोठा झाला की, ही यात्रा मुळात कशासाठी निघाली होती याचा आपल्याला विसर पडला. विनोबा दिल्लीकडे निघाले ते जमीन मागण्यासाठी नव्हे. ते निघाले होते तक्रार सांगायला.

त्याआधी वर्ध्याचे थोडे सांगितले पाहिजे. १९३४ साली गांधीजींनी काँग्रेसचे साधे सभासदत्वही सोडले आणि ग्रामोद्योगाचे काम वर्ध्यात मांडले. १९३६ पासून ते शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहू लागले. तेव्हापासून देशाचे राजकारण वर्धा स्टेशनावर उतरू लागले. मोठमोठे पुढारी टांग्यातून काळ्या मातीची धूळ खात सेवाग्रामला जात. १९४२ च्या जुलैत 'चले जाव'चा मसुदा काँग्रेसच्या कार्यकारिणीने संमत केला तो वर्ध्यातच. दिल्ली वर्ध्याकडे येत होती, असे दहा-बारा वर्षे चालले. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ च्या मार्चमध्ये, नेहरू, राजेंद्रबाबू, मौलाना आझाद ही मंडळी पुन्हा एकदा सेवाग्रामला जमली. मग मात्र वाट उलटी झाली. कोणाला काही सांगायचे असेल तर आता दिल्लीची गाडी पकडायला हवी होती.

पहिला कडवट सूर लावला तो मगनवाडीतल्या कुमारप्पांनी. हे तंजावरचे गृहस्थ, हिशेबतपासणीच्या विद्येत तरबेज, विलायतेत आणि अमेरिकेत शिकलेले. साहेबी धंदा सोडून ते वर्ध्यात तेलघाणी, हातकागद आणि मधमाश्या यांचे अर्थशास्त्र मांडीत बसले. १९३८ साली काँग्रेसने नियोजन समिती नेमली तेव्हा ते तिच्यात गेले आणि थोड्याच महिन्यांत बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्याच जमीनसुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. १९४९ साली अहवाल दिला. कसेल त्याची जमीन हवी आणि धारणेला मर्यादा हवी असे त्यात स्वच्छ लिहिले. अहवालाची वाहवा झाली आणि तो कपाटात गेला. कुमारप्पा पुढे सेलडोहला शेतीत जाऊन राहिले. त्यांची जीभ तिखट होती. दिल्लीला तिखट जिभेची माणसे दुरून चांगली वाटतात.

विनोबांची तऱ्हा निराळी. वर्ध्यापासून दोन-अडीच कोसांवर, नागपूरच्या रस्त्याला, धाम नदीच्या काठी पवनार आहे. १९३८ साली प्रकृती ढासळली म्हणून ते तिथे राहायला गेले आणि तिथलेच झाले. शेत खणताना जुन्या मूर्ती सापडल्या, त्यांतली भरत-रामाच्या भेटीची मूर्ती आजही आश्रमात आहे. १९५१ च्या सुमारास त्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग चालू होता. पैशाचे दान घ्यायचे नाही, बैल लावायचे नाहीत, हाताने माती उकरायची, माणसांनी रहाट ओढायचा, आणि जे पिकेल त्यावर जगायचे. असे राहणाऱ्याला धान्याच्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार वेगळाच असतो.

आणि त्या वर्षी धान्याचाच प्रश्न पेटला होता. ठरावीक मुदतीत परदेशी धान्याची आयात बंद करू, देश स्वावलंबी करू, असे वचन सरकारने दिले होते. प्रत्यक्षात १९५१ साली आयात कमी होण्याऐवजी वाढली. अमेरिकेकडून गव्हासाठी कर्ज घ्यावे लागले. जुलैत पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा बाहेर पडला, तर त्यात स्वावलंबनाची ती प्रतिज्ञा सैल झालेली. नियोजन मंडळाचे एक सभासद रा. कृ. पाटील हे आपल्याच नागपूरकडचे. आय.सी.एस.ची नोकरी सोडून देशकार्यात पडलेला हा सज्जन माणूस मसुदा घेऊन पवनारला आला. विनोबांनी त्यांना दोन गोष्टी ऐकवल्या. एक, धान्यासाठी परदेशापुढे हात पसरणारी योजना ही योजनाच नव्हे. दुसरी अधिक मूलगामी होती : राष्ट्राची योजना असेल तर तिने प्रत्येकाला काम दिलेच पाहिजे. सगळ्यांना काम देणे आजच्या परिस्थितीत शक्य नाही, हे पाटलांचे उत्तर. त्यावर विनोबांचे म्हणणे असे की, मग तिला राष्ट्रीय म्हणू नका. घरात भाकरी कमी असली तर आई सगळ्यांनाच थोडी थोडी देते. चौघांना पोटभर आणि दोघांना उपाशी, असा हिशेब घरात कोणी करीत नाही.

पाटलांनी हे दिल्लीला कळवले आणि नेहरूंचे निमंत्रण आले. विनोबांनी येतो म्हटले, पण आपल्या सवडीने आणि आपल्या पायांनी. १२ सप्टेंबर १९५१ रोजी, छप्पन्न वर्षे पुरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ते पवनारहून निघाले. अंतर सुमारे ८०० मैल. तेलंगणात पोचमपल्लीला त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांना पहिली शंभर एकर जमीन मिळाली होती, तेव्हा वाटेत जमीन मागणे ओघानेच आले. २ ऑक्टोबरला सागर मुक्कामी त्यांनी पाच कोटी एकरांचा आकडा उच्चारला. १३ नोव्हेंबरला ते दिल्लीत पोचले आणि राजघाटावर झोपडीत उतरले. नियोजन मंडळाची मंडळी त्यांच्याकडे तिथे गेली. नेहरूही गेले. मान द्यायला दिल्ली कधीच कमी पडत नाही.

पदरात काय पडले? १९५३ साली खादी-ग्रामोद्योग मंडळ निघाले. १९५५ साली द. गो. कर्व्यांच्या समितीने छोट्या धंद्यांची बाजू नेटाने मांडली. हे काही थोडे नव्हे. परंतु मूळ तक्रार दोन गोष्टींची होती. धान्याचे म्हणाल तर १९५६ साली अमेरिकेशी पी.एल. ४८० चा करार झाला आणि पुढे दहा-बारा वर्षे आपण गव्हाच्या बोटींची वाट पाहत राहिलो. कामाच्या हक्काची हमी योजनेत आली नाही. घटनेच्या ४१ व्या कलमात तो आहे, पण ऐपतीप्रमाणे, अशा मोघम बोलीवर.

माझे मत असे आहे की, यात दोष एकट्या दिल्लीचा नाही. राजघाटावरून उठल्यावर विनोबांनी ते भांडण तिथेच सोडले आणि ते भूदानाच्या मागे लागले. जमीन मिळाली, चाळीस लाख एकरांच्या वर मिळाली. पुष्कळशी खडकाळ, काही तंट्यातली. आणि कुमारप्पांच्या अहवालाने कायद्याकडून मागितलेली गोष्ट आता दात्याच्या मर्जीकडून मागितली जाऊ लागली, याचे सरकारला दुःख झाले असेल असे वाटत नाही. भांडणारा विनोबा सरकारला जड होता, चालणारा विनोबा भूषणावह होता.

या गोष्टीला एक दुखरे शेपूटही आहे. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा विनोबांचे वर्षाचे मौन चालू होते. त्यांच्या 'अनुशासन पर्व' या दोन शब्दांचा सरकारने डंका पिटला. मौन सुटल्यावर त्यांनी सांगितले की, आपल्याला अभिप्रेत होते ते आचार्यांचे अनुशासन, शासनाचे नव्हे. पण तोवर उशीर झाला होता. पुढच्या वर्षी गोवधबंदीसाठी उपोषणाचा त्यांचा निर्धार आश्रमाच्या 'मैत्री' मासिकात छापला गेला, तेव्हा पोलिस पवनारला आले आणि अंक उचलून घेऊन गेले. ज्याला नेहरूंनी सन्मानाने बोलावले, त्याच्याच आश्रमातून छापील कागद जप्त झाले.

कामाच्या हक्काचे मात्र वेगळे झाले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मागेल त्याला काम देण्याची योजना राज्यभर राबवली गेली, वि. स. पागे हे तिचे जनक. १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि देशासाठी तसा कायदा संसदेने २००५ साली केला, पवनारच्या त्या बोलण्यानंतर ५४ वर्षांनी. महाराष्ट्राच्या योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसायकर बसला. घरातली भाकरी वाटून खाण्याचा तो एक प्रकारच. दरमहा पगारातून ती रक्कम कापली जाते, आणि फराळ चालू असताना तिच्या नावानेही कोणी तरी कुरकुरतोच.