मुलकोवालचे 19 आणि भरपाईचा हक्क

आम्ही वस्तीत लोकांना लस घ्या म्हणून सांगत फिरतो. लसीने लाखो जीव वाचवले, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. म्हणूनच मुलकोवालबद्दल बोलले पाहिजे.

परळच्या हाफकीन संस्थेला ज्यांचे नाव आहे, त्या वाल्डेमार हाफकीन यांनी प्लेगची लस 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना ही लस दिली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेल्या 19 जणांना धनुर्वात झाला. एकही वाचला नाही. चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकीन निलंबित झाले. खरे तर बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉससारखे नामवंत शास्त्रज्ञ हाफकीन यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही दोषमुक्त व्हायला 1907 साल उजाडले.

या प्रकरणाची चर्चा बहुधा शास्त्रज्ञावरच्या अन्यायापाशीच संपते. मेलेल्यांच्या घरच्यांनी दावा कुणावर लावायचा होता? प्रयोगशाळेवर, डॉक्टरवर, की चिमटा पाडणाऱ्या मदतनिसावर? जिथे हाफकीनना पाच वर्षे लागली, तिथे गावातल्या विधवेने चूक कुणाची हे कसे सिद्ध करायचे?

ब्रिटनने 1979 साली कायदा करून लसीमुळे गंभीर अपंगत्व आलेल्यांना 10,000 पौंडांची सोय केली. अमेरिकेने 1986 साली कायदा केला. तिथला निधी लसीवरच्या करातून उभा राहतो. चूक कुणाची, हे दोन्हीकडे सिद्ध करावे लागत नाही. इजा लसीनेच झाली हे मात्र दाखवावे लागते, आणि तेही सोपे नाही.

आपल्याकडे 2019 च्या नियमांनी औषधाच्या चाचणीत इजा झालेल्याला भरपाईचा हक्क दिला. सरकारी मोहिमेत लस घेणाऱ्याचे काय? कोविड लसीमुळे आपल्या मुली दगावल्या असे म्हणणारे दोन मुलींचे आईवडील सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात उत्तर दिले: लस ऐच्छिक होती, भरपाई हवी तर दिवाणी न्यायालयात जा.

ऐच्छिक! ऑगस्ट 2021 मध्ये सामान्य माणसाला लोकल खुली झाली, तेव्हा दोन डोस झाल्याशिवाय मुंबईत पास मिळत नव्हता. धुणीभांडी करणाऱ्या बाईने कामावर चालत जायचे होते काय?