मोत्यांची चादर आणि कमाठी बाग
बडोद्यातील प्रतिष्ठेच्या खुणांचा एक इतिहास

मनुष्याला अन्न, वस्त्र व निवारा का लागतो, हे सांगण्यास इतिहासकाराची आवश्यकता नाही. परंतु पोट भरल्यावर आणि अंग झाकल्यावरही तो ज्या वस्तूंमागे धावतो, त्यांची ओढ कोठून उत्पन्न होते, हा प्रश्न तितका सोपा नाही. चांदीच्या पेल्यातील पाण्याने मातीच्या भांड्यातील पाण्याहून अधिक तहान भागत नाही. तरीही चांदीच्या पेल्यासाठी माणसे कर्ज काढतात. आमच्या पाळकबंधूंना व उपदेशकांना हा प्रश्न ग्रंथांत शोधावा लागत नाही. लग्नसराई आली की तो त्यांच्या दारी येऊन उभा राहतो. अशा वेळी मोहाला दोष देऊन प्रवचन पुरे करणे सोपे असते. मात्र हा मोह एकट्याच्या अंतःकरणात क्वचितच उपजतो. त्याला पाहणारा दुसरा कोणीतरी लागतो, आणि त्या पाहणाऱ्याच्या संमतीवरच वस्तूचे मोल ठरते. बडोदे संस्थानाच्या इतिहासात हे तत्त्व विलक्षण स्पष्टतेने दिसून येते. म्हणून त्या इतिहासाची काही पाने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तलवारीकडून हिऱ्याकडे

पिलाजीराव व दमाजीराव ह्यांच्या पिढ्यांना आपली थोरवी सिद्ध करण्यास दागिन्यांची फारशी गरज नव्हती. घोडदळ, चौथाई आणि जिंकलेला मुलूख ह्याच त्यांच्या प्रतिष्ठेच्या खुणा होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारशी झालेल्या तहांनी हे चित्र पालटले. युद्ध आणि परराज्यांशी व्यवहार हे दोन्ही इंग्रजांच्या हाती गेले. राजाजवळ गादी व वसूल राहिला, पण पराक्रमाचे क्षेत्र उरले नाही. त्याच वेळी इंग्रजांनी संस्थानिकांसाठी मानाची एक नवी शिडी उभारली. कोणाला किती तोफांची सलामी, दरबारात कोणाची खुर्ची कोणाच्या पुढे, हे सारे ठरवून दिले गेले. बडोद्याच्या वाट्याला एकवीस तोफांची सर्वोच्च सलामी आली. ज्याला लढता येत नाही, त्याने दिसावे, असाच जणू ह्या व्यवस्थेचा अर्थ होता.

खंडेराव महाराज १८५६ मध्ये गादीवर आले व १८७० मध्ये निवर्तले. रत्नांचा षोक त्यांच्याइतका फार थोड्या राजांना असेल. १८५३ मध्ये ब्राझील देशात सापडलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा हिरा त्यांनी विकत घेतला. ॲम्स्टरडॅम येथे पैलू पाडल्यावर त्याचे वजन सुमारे १२८ कॅरट भरले होते, आणि युरोपातील मोठ्या प्रदर्शनांत तो आधीच लोकांनी पाहिलेला होता. त्यासाठी सुमारे ऐंशी हजार पौंड मोजल्याचे सांगतात. साऱ्या युरोपाने ज्याकडे टक लावून पाहिले, ते रत्न आता आपल्या अंगावर आहे, हाच त्या खरेदीचा खरा आनंद असला पाहिजे. हा हिरा खाणीत प्रथम एका गुलाम स्त्रीच्या हाती लागला, अशी हकीकत आहे. तिचे नाव मात्र बहुतेक वृत्तांतांत आढळत नाही. रत्न ज्यांच्या अंगावर चढते त्यांची नावे टिकतात, आणि ते ज्यांच्या हातांनी मातीतून वर येते त्यांची पुसली जातात.

ह्याच खंडेरावांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांची प्रसिद्ध चादर तयार करविली. हरणाच्या कातड्यावर व रेशमावर इराणी आखातातील लक्षावधी बसराई मोती ओवून, त्यांत हिरे, माणके, पाचू व नीलमणी बसवून केलेले हे काम होते. मदिना येथील पैगंबरसाहेबांच्या कबरीवर अर्पण करण्याचा महाराजांचा हेतू होता, असे परंपरा सांगते. हिंदू राजाने असा संकल्प करावा, ही गोष्ट त्या काळच्या धर्मभावनेची उदारता दाखविते. पण अर्पण आणि प्रदर्शन ह्यांची सीमारेषा किती पुसट असते, हेही तीतून दिसते. संकल्प पुरा होण्यापूर्वीच महाराज गेले, आणि चादर बडोद्यासच राहिली. १९०२-०३ साली दिल्लीच्या प्रदर्शनात ती लोकांनी डोळे भरून पाहिली.

त्यानंतर गादीवर आलेले मल्हारराव हे खंडेरावांचे धाकटे बंधू. भावाविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून ते पूर्वी पाद्र्यास बंदीत पडले होते. खंडेरावांच्या तोफा चांदीच्या होत्या. मल्हाररावांनी सोन्याच्या ओतविल्या. शत्रूवर त्या चालविण्याचा प्रसंग येणे नव्हते. चांदीच्या तोफा ज्यांनी पाहिल्या, त्यांनी सोन्याच्या पाहाव्यात, एवढाच त्यांचा उपयोग होता. चढाओढीचे हे स्वरूप मोठे उद्‌बोधक आहे: हव्यासाचे माप गरजेने ठरत नाही, ते शेजाऱ्याकडे काय आहे, त्यावरून ठरते. पुढे १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर ह्यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. त्या विषात सोमलाबरोबर हिऱ्याची पूड होती, असे म्हटले गेले. चौकशी मंडळातील तीन इंग्रज व तीन हिंदी सभासदांची मते विभागली. तरी गैरकारभाराच्या कारणावरून १८७५ च्या एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत करण्यात आले. सोन्याच्या तोफांनी गादी राखली नाही.

आणि ह्या साऱ्याचा पैसा कोठून आला? शेतसाऱ्यातून. चरोतर, कानम व काठेवाडातील कुणब्यांच्या शेतांतून जे निघाले, तेच शेवटी मोती होऊन चादरीवर बसले. ही बाजू लिहिल्याखेरीज ऐश्वर्याचा कोणताही इतिहास पूर्ण होत नाही.

अभिरुची ही शिकविली जाते

१८७५ मध्ये खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई ह्यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. शेतकरी घरातील ह्या गोपाळला तोवर अक्षरओळखही नव्हती. तोच पुढे सयाजीराव तिसरे म्हणून विख्यात झाला. दिवाण सर टी. माधवराव आणि शिक्षक एलियट ह्यांनी त्याला लिहिणे-वाचणे शिकविले. त्याचबरोबर बसणे-बोलणे, पोशाख, चित्रे व इमारती ह्यांची पारख ह्यांचेही शिक्षण झाले. १८८१ च्या अखेरीस राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले, तेव्हा हा तरुण राजा सुसंस्कृत अभिरुचीचा आदर्श मानला जाऊ लागला होता.

आमच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. “अभिरुची रक्तात असावी लागते” असे प्रतिष्ठित घराणी म्हणत आली. सयाजीरावांचे उदाहरण ह्या समजुतीचे सरळ खंडन करते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन ह्यांनी १८९९ मध्ये असे मांडले की, श्रीमंत वर्ग खर्चाला खर्च म्हणूनच मान देतो, कारण उधळता येणे हाच संपत्तीचा पुरावा होय. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय ह्यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात ह्यापुढचे पाऊल टाकले. घर व शाळा ह्यांनी लावलेली आवड पुढे नैसर्गिक वाटू लागते, आणि मग तीच वर्गावर्गांतील भिंत बनते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मल्हाररावांच्या तोफा व्हेब्लेनच्या सिद्धान्तात चपखल बसतात. सयाजीरावांचा काळ समजण्यास बूर्दिय अधिक उपयोगी पडतात.

१८९० मध्ये लक्ष्मी विलास राजवाडा पुरा झाला. मेजर मँट ह्यांनी त्याचा आराखडा केला होता. त्यांच्या निधनानंतर चिझम ह्यांनी काम तडीस नेले. दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या कारागिरांनी घडविली, आणि इटालियन शिल्पकार फेलिची ह्यांनी पुतळे केले. राजा रविवर्मा ह्यांना महाराजांनी चौदा पौराणिक चित्रे काढण्यास सांगितले. ती १८९० पर्यंत तयार झाली. १८९४ मध्ये वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी राहिली. ह्या वैभवाला खर्च कमी आला असे नव्हे. पण त्याची भाषा निराळी होती. हिरा पाहून दिपण्यास शिक्षण लागत नाही. चित्र पाहून योग्य ते बोलण्यास मात्र लागते. त्यामुळे आता केवळ धनवान असणे पुरेसे राहिले नाही. जाणकारही असावे लागले. उंबरठा नवा, पण उंबरठाच.

रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला आणि राजवाड्यातल्यासारखी चित्रे पैशा-आण्यांत घरोघरी गेली. चौकटीतील लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर आल्या, तशी राजदरबारातील अभिरुचीची एक सावली मध्यमवर्गाच्या ओसरीवर पडली. वरच्या वर्गाची आवड खाली उतरू लागली की वरचा वर्ग आपली खूण बदलतो, हा नियम येथेही दिसून आला. प्रतिष्ठित घरांत ही छापील चित्रे लवकरच सामान्य ठरली.

साधेपणाचीही एक भाषा

सयाजीरावांचे मोठेपण त्यांच्या राजवाड्यात नव्हे, त्यांच्या शाळांत आहे, हे आम्ही आवर्जून नमूद करतो. अमरेली भागात १८९३ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू झाला. १९१० पासून गावोगावी ग्रंथालये निघाली. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीही शाळा उघडण्यात आल्या.

डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे संस्थानिकांनी मुजरा करावयाचा होता. इतर राजे रत्नांनी मढून आले. सयाजीराव अलंकारांचा भार उतरवून, साध्या वेषात पुढे गेले, थोडके लवून परत फिरले व बादशहाकडे पाठ करून चालू लागले, असे वृत्तांत सांगतात. इंग्रजी वृत्तपत्रांत मोठा गहजब झाला, आणि महाराजांना दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. एका माणसाने दागिने घातले नाहीत एवढ्याने साम्राज्याचा अपमान व्हावा, ह्यातच दागिन्यांचे खरे स्वरूप उघड होते. ते शब्द होते, आणि न घालणे हाही एक शब्दच ठरला. जाडीभरडी वस्त्रे ही आपोआप नम्रता होत नाहीत, हे उपदेशकांनी विशेष लक्षात ठेवावयास हवे. ज्याला रेशीम परवडते त्याच्याच खादीकडे लोक कौतुकाने पाहतात.

कमाठी बागेतील पाच तास

ह्याच सयाजीरावांनी १९१३ मध्ये एका तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू होण्यासाठी ते परत आले. बडोदे राज्याने ज्या गोष्टींना नव्या प्रतिष्ठेच्या खुणा मानले होते, त्या सर्व ह्या गृहस्थापाशी होत्या. परदेशी पदव्या, ग्रंथांचे व्यसन, इंग्रजीवर प्रभुत्व, पाश्चात्त्य राहणी, कशाचीच उणीव नव्हती. तरी शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळच्या आत निघून जाण्याचा हुकूम करून गेला.

पुढे काय घडले, ते डॉ. आंबेडकरांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्यांचे दोन स्नेही शहरात होते, एक हिंदू व दुसरा ख्रिस्ती. हिंदू स्नेह्याने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेह्याने सांगितले की पत्नी उद्या परगावाहून येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण. पतीचे विचार उदार झाले होते, पण पत्नीचे जुने आचार सुटले नव्हते, आणि उत्तराचा अर्थ नकार असाच होता, हे त्यांना मागाहून कळले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास काढण्यास जागा नव्हती, म्हणून ते कमाठी बागेत जाऊन बसले आणि अश्रू ढाळीत राहिले.

ही बाग १८७९ मध्ये सयाजीरावांनीच प्रजेसाठी खुली केली होती. वस्तुसंग्रहालय तिच्यातच आहे. देशोदेशींच्या सुंदर वस्तू ज्या आवारात काचेआड जपल्या होत्या, त्याच आवारात त्या राज्याचा एक विद्वान सेवक निराधार बसला होता. हिरा, चित्र, पदवी ह्या साऱ्या खुणा पाहणाऱ्याने मानल्या तरच चालतात. त्याने मानण्याचे नाकारले की सर्वांत मौल्यवान खूणही खोटे नाणे ठरते. ऐश्वर्याची जागा अभिरुचीने घेतली, अभिरुचीच्या जोडीला विद्या आली. पण ह्या सर्वांच्या तळाशी जातीची जुनी पायरी जशीच्या तशी राहिली होती, आणि पाहणाऱ्याचा डोळा प्रथम तिच्यावरच जात होता.

त्या दिवशी एक ख्रिस्ती दारही बंद होते, ही गोष्ट आम्हांला सुखाने वाचता येत नाही. त्या गृहिणीला आज दोष देणे सोपे आहे. पण मिशनच्या काळात बूट, टोपी, बाजाची पेटी आणि इंग्रजी उच्चार ह्यांनी आपल्या मंडळ्यांतही पायऱ्या निर्माण केल्या, आणि कोण कोणत्या घरातून आला ह्याची विचारपूस सोयरीक जुळविताना अद्याप होते. सोन्याची अंगठी घालून सभेत येणारा मनुष्य आणि मळकट वस्त्रांतील दरिद्री ह्यांना कोठे बसवावे, हा प्रश्न याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात घेतला आहे. तेथे त्याचा रोष अंगठीवर नाही; अंगठी पाहून जागा दाखविणाऱ्यावर आहे.

मोत्यांची चादर पुढे राजघराण्याबरोबर परदेशी गेली, मोनॅकोत राहिली, आणि २००९ मध्ये दोहा येथील लिलावात सुमारे पंचावन्न लाख डॉलरांना विकली गेली. ‘स्टार ऑफ द साउथ’ही बडोद्यात उरला नाही. बडोद्यात उरला आहे तो कमाठी बागेतील वडाचा परिसर. त्यास आज संकल्पभूमी म्हणतात, आणि दूरदूरचे लोक तेथे येऊन नतमस्तक होतात. लग्नातील उधळपट्टीविषयी आपण व्यासपीठावरून अवश्य बोलावे. कर्जात बुडणाऱ्या बापाला त्या शब्दांचा आधार हवा असतो. पण घेणाऱ्याला उपदेश करण्यापूर्वी पाहणाऱ्यांना एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्या पाहणाऱ्यांत आपण स्वतः आहोत: अंगावर काहीच खूण नसलेला मनुष्य संध्याकाळी दारी आला, तर त्याला आत घेण्यास आपल्याला कोणाकोणाला विचारावे लागेल?