मेंदूंतील फुगा आणि शस्त्रक्रियेनंतरचें चित्र

सूत जेथें विरलेलें असतें तेथेंच तें तुटतें, हें भिवंडीच्या यंत्रमागावरील कारागिरास सांगावयास नको. मेंदूंतील रोहिणीचेंही तसेंच आहे. तिची भिंत दुबळी झाली कीं ती फुग्यासारखी फुगते. मोठा फुगा फुटला तर प्राणावर बेततें. फुग्याच्या देठास चिमटा लावून त्यांतील रक्ताची वाट बंद करणें हा त्यावरील एक शस्त्रोपचार होय. परंतु चिमटा नीट बसला कीं नाहीं, हें कवटी मिटल्यावर कळावें कसें? ह्या प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

रंटजेन ह्यांना १८९५ सालीं क्ष-किरण सांपडले. पण त्यांत हाडें दिसत, रक्तवाहिन्या दिसत नसत. १९२७ सालीं लिस्बन येथें एगास मोनीझ ह्यांनीं मानेंतील रोहिणींत क्ष-किरणांस अडविणारें द्रव्य सोडून मेंदूंतील वाहिन्यांचें जाळें छायाचित्रांत उतरविलें. दहा वर्षांनीं, २३ मार्च १९३७ रोजीं, बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी ह्यांनीं फुग्याच्या देठास चांदीचा चिमटा लावला. पुढें मोनीझ ह्यांची रीतच शस्त्रक्रियेची कसोटी ठरली. देठ उरला असेल किंवा शेजारची वाहिनी दबली असेल, तर तें चित्रांत दिसे.

मेंदूचा गर मात्र त्यांत दिसत नसे. ती उणीव गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्यांच्या सी. टी. यंत्रानें भरून काढली. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं विंबल्डन येथें त्यानें पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहण्यांत आला. शस्त्रक्रियेनंतर पुन्हां रक्तस्राव झाला, कीं रक्ताअभावीं कांहीं भाग मृत झाला, हें आतां कवटी न उघडतां कळूं लागलें.

परंतु प्राण वाचविणारा चिमटाच चित्राच्या आड येऊं लागला. धातूमुळें सी. टी. चित्रांत नेमक्या त्याच जागेभोंवतीं रेघा उमटतात. एम. आर. आय. यंत्र तर प्रबळ चुंबकावर चालतें. कांहीं जुन्या पोलादी चिमट्यांस तें जागचे हलवूं शकतें. असा चिमटा हलून एक रुग्ण दगावल्याची हकीकत १९९३ सालीं अमेरिकेंतील वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. पुढें टिटॅनियमसारख्या, चुंबकास न जुमानणाऱ्या धातूंचे चिमटे प्रचारांत आले.

मुंबईस शस्त्रक्रिया करवून भिवंडीस परतलेल्या रुग्णाचें डोकें कांहीं वर्षांनीं पुन्हां दुखूं लागलें, तर नव्या ठिकाणच्या तंत्रज्ञास त्याच्या मस्तकांतील चिमटा कोणत्या धातूचा आहे हें कोण सांगणार? म्हणून चिमट्याचा प्रकार, धातु व तारीख नोंदलेला शस्त्रक्रियेचा कागद घरच्यांनीं दस्तऐवजाप्रमाणें जपावा. जवळजवळ शंभर वर्षांच्या ह्या विद्येचा लाभ निर्धास्तपणें घेतां येतो, तो त्या एका कागदाच्या आधारें.