खेळण्यातला पोकलेन आणि डब्यावरचं चित्र



गेल्या महिन्यात आमच्या आळीत गटाराचे पाइप टाकायला जेसीबी आला होता. पहिला चर खणायला सुरुवात झाली आणि सगळी आळी गोळा झाली. पोरं दप्तर पाठीला लावून तिथंच उभी. आपणही हातातलं काम टाकून दारात येतोच की. शेजारची सातवीतली मुलगी मला म्हणाली, "काकू, एवढी जड बकेट वर जाते कशी? आणि वर गेल्यावर तिथंच थांबते कशी?" मी तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "तुला काय करायचंय? तुला काय जेसीबी चालवायचाय?"

पोरगी गप्प बसली. पण प्रश्न चांगला होता, म्हणून आज त्याचं उत्तर देणार आहे. एका खेळण्याच्या इतिहासातून देणार आहे. प्लास्टिकच्या ठोकळ्यांपासून क्रेन, बुलडोझर, पोकलेन बनवायचे, त्यांना मोटार जोडायची आणि खरोखर चालवायचे, असं ते खेळणं. ते कसं घडलं, त्यातून काय कळतं आणि ते कुणाच्या हाती दिलं गेलं, हे ऐका.

सुरुवात ठोकळ्यांच्या आधीची आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल शहरात फ्रँक हॉर्नबी नावाचे एक कारकून होते. आपल्या मुलांसाठी ते भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, नट आणि बोल्ट यांपासून क्रेन बनवत. 1901 साली त्यांनी या कल्पनेचं पेटंट घेतलं. त्याचाच पुढे मेकॅनो झाला. आपल्याकडेही जुन्या घरांच्या माळ्यावर असा एखादा गंजका डबा सापडतो. मेकॅनोच्या जाहिरातीत आणि डब्यांवर इंग्रजीत काय लिहिलेलं असे, माहीत आहे? मुलग्यांसाठी इंजिनिअरिंग! पट्टीला काय ठाऊक तिला कोण जोडतंय? पण डब्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

आता डेन्मार्कमधल्या बिलुंड या लहानशा गावात जाऊ. तिथं ओले कर्क क्रिस्टियानसेन हे सुतार होते. जगभर मंदी आलेली, घरं बांधायचं काम मिळेना. 1932 साली त्यांची बायको वारली. पदरात चार मुलगे. तेव्हा त्यांनी शिड्या, इस्त्रीचे फळे आणि लाकडी खेळणी करायला घेतली. 1934 मध्ये त्यांनी आपल्या कारखान्याचं नाव लेगो ठेवलं. डॅनिश भाषेत 'छान खेळ' असा अर्थ होणाऱ्या दोन शब्दांची सुरुवातीची अक्षरं घेऊन ते नाव केलेलं आहे.

युद्धानंतर त्यांनी प्लास्टिक ओतायचं मशीन घेतलं आणि 1949 मध्ये एकमेकांवर बसणारे ठोकळे काढले. कल्पना मुळात इंग्लंडमधल्या किडिक्राफ्ट नावाच्या खेळण्यांची. पण ते ठोकळे सैल बसत, धक्का लागला की भिंत कोसळे. 1958 साली ओले यांचे पुत्र गॉडफ्रेड यांनी ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या दिल्या. त्यामुळे वरच्या ठोकळ्याची पकड घट्ट झाली. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजूनही बसतो. आजीचं झाकण नातीच्या डब्याला लागावं, तसं!

पण ठोकळे नुसते ठोकळेच होते. घर होई, भिंत होई, हलत काहीच नसे. 1966 मध्ये आगगाडीच्या संचात साडेचार व्होल्टची मोटार आली. 1970 मध्ये दातेरी चाकं आली. आणि 1977 मध्ये पुढे ज्याला टेक्निक हे नाव पडलं, ते संच निघाले. भोकं असलेले लांब ठोकळे, त्यातून जाणारे दांडे, दांड्यांवर बसणारी दातेरी चाकं, आणि हवी असेल तर जोडायला मोटार. पहिल्याच वर्षी माल उचलणारी फोर्कलिफ्ट आणि ट्रॅक्टर आले. 1978 मध्ये क्रेन, 1979 मध्ये बुलडोझर.

आता आपल्या सातवीतल्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. मोटार एवढीशी, मग ती जड बकेट कशी उचलते?

पायाचं शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. खाली मोठं चाक, वर लहान चाक. खालचं चाक एकदा फिरलं की वरचं अनेकदा फिरतं, म्हणून सुई भराभर चालते. वेग वाढतो, जोर कमी होतो. क्रेनमध्ये याच्या बरोबर उलट करतात. मोटारीच्या दांड्यावर आठ दातांचं लहान चाक आणि त्याला लागून चोवीस दातांचं मोठं चाक. लहान तीनदा फिरेल तेव्हा मोठं एकदा फिरेल. वेग तिसरा हिस्सा झाला, पण जोर जवळजवळ तिप्पट. अशा दोन-तीन जोड्या एकामागून एक लावल्या की बोटाएवढी मोटारही भलतं ओझं उचलते. सावकाश उचलते, पण उचलते.

दुसरा प्रश्न, वर गेलेली बकेट थांबते कशी? यासाठी मळसूत्री गिअर असतो. दांड्यावर स्क्रूसारखे आटे आणि त्याला लागून दातेरी चाक. आटे एकदा फिरले की चाक फक्त एक दात पुढे सरकतं. आणि चाकाने उलटा जोर लावला तरी आटे फिरत नाहीत. टेम्पोचं चाक बदलताना ड्रायव्हर जॅक लावतो ना? हँडल सोडलं तरी गाडी खाली येत नाही. तीच युक्ती.

2008 मध्ये या संचांत एक नवा भाग आला. मोटार फिरली की त्याच्या पोटातला आट्यांचा दांडा फिरतो आणि पुढची दांडी सरळ बाहेर येते. ते पाहून मला हसूच आलं. आपला चकलीचा पितळी सोऱ्या! मूठ फिरवतो आपण गोल आणि पीठ येतं सरळ खाली. दिवाळीला आपण जे करतो, त्याच तत्त्वावर खेळण्यातल्या पोकलेनचा हात वर होतो.

त्याच्याही आधी, 1984 मध्ये, हवेच्या दाबावर चालणारे भाग आले होते. हातपंप, बारीक नळ्या आणि आत-बाहेर होणारी दांडी. पंप मारला की हात उचलला जाई. खऱ्या जेसीबीत नळ्यांमधून तेल जातं, हवा नाही. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

नंतर खेळणं वाढतच गेलं. 2007 मध्ये रिमोटवर चालणारा बुलडोझर आला. त्यात 1384 तुकडे आणि चार मोटारी. 2010 च्या पोकलेनमध्येही चारच मोटारी होत्या, पण कामं सहा. दोन्ही बाजूंच्या चेन, वरचा भाग फिरवणं, मोठा हात, लहान हात आणि बकेट. मग चार मोटारींत सहा कामं कशी? आत गिअर बदलायची सोय केली होती. त्यामुळे एकच मोटार आधी एक काम करायची, मग दुसरं. एका शेगडीवर आधी भात, मग भाजी, तसंच. 2019 मध्ये लिबहेर कंपनीच्या खाणीतल्या अजस्र मशीनची प्रतिकृती आली. खरं मशीन सुमारे 800 टनांचं. खेळण्यात 4108 तुकडे, सात मोटारी आणि चालवायचं मोबाइलवरून.

हे सगळं ऐकून वाटेल, खेळणं फार पुढे गेलं. गेलंच. पण डब्यावरचं चित्र?

1974 च्या सुमारास लेगोच्या खोक्यातून आईवडिलांसाठी एक चिठ्ठी येत असे. तिचा मतलब असा, की काही घडवायची ओढ सगळ्या मुलांना सारखीच असते. मुलगा बाहुलीचं घर करेल, मुलगी अंतराळयान करेल. तुम्ही सामान हातात द्या आणि त्यांना हवं ते करू द्या. किती शहाणं बोलणं! आणि त्याच कंपनीने 1979 मध्ये काय केलं? एकीकडे बुलडोझर काढला आणि त्याच वर्षी मुलींसाठी वेगळा संच काढला. त्यात होत्या बांगड्या आणि माळा. दागिने वाईट नव्हेत, मलाही आवडतात. पण दातेरी चाकांचा डबा भावाकडे आणि बांगड्यांचा बहिणीकडे, ही वाटणी कुणी केली?

2012 मध्ये मुलींसाठी पुन्हा निराळी मालिका आली. तिच्यात ब्युटी पार्लर होतं, कॅफे होता, एका मुलीची शोध लावायची कार्यशाळाही होती. विक्री भरपूर झाली आणि टीकाही. शेवटी 2021 मध्ये, जागतिक बालिका दिनी, कंपनीने जाहीर केलं की आमच्या खेळण्यांतून मुलामुलींविषयीचे ठरावीक समज आम्ही काढून टाकू. त्यासाठी सात देशांत पाहणी करून घेतली होती. दुसऱ्यांचं खेळणं खेळलो तर लोक हसतील, अशी भीती 71 टक्के मुलग्यांना वाटत होती. मुलींमध्ये हे प्रमाण 42 टक्के होतं. म्हणजे मुली कमी भितात. अडवतो ते आपण मोठी माणसं.

मला हे आकडे वाचून नवल वाटलं नाही. लहानपणी मामाने माझ्या भावाला मेकॅनोचा डबा दिला आणि मला भातुकली. भाऊ दुपारी झोपला की मी डबा काढायची. एकदा लहानशी क्रेन केली, दोऱ्याने आईचं दातवण उचललं. आई बघत होती. ओरडली नाही, पण म्हणाली, "तो उठायच्या आत सोडवून ठेव." मी एकेक नट काढून सगळं जागच्या जागी ठेवलं. क्रेन मी केली होती, हे घरात कुणाला कळलंच नाही.

म्हणून परवाचं सांगते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला गेले होते. महागडे संच आपल्या पोरांना कुठून मिळणार? पण पुठ्ठ्याचा जेसीबी दर वर्षी असतोच. इंजेक्शनच्या सिरिंज, सलाईनच्या नळ्या, रंगीत पाणी. एक सिरिंज दाबली की दुसरीचा दट्ट्या बाहेर येतो आणि बकेट उचलली जाते. टेबलामागे दोन मुलगे आणि एक मुलगी. बोलायला मुलगा, मुलगी कडेला पाण्याची बाटली धरून उभी.

बोलता बोलता बकेट लटपटायला लागली. मुलग्याने सिरिंज जोरात दाबली, तरी हात वर जाईना. तेव्हा ती मुलगी पुढे आली. नळी उजेडाकडे धरून म्हणाली, "बुडबुडा शिरलाय. हवा दबते, पाणी दबत नाही. हवा काढल्याशिवाय जोर येणार नाही." तिने नळी काढली, पाण्यात बुडवून हवा घालवली, परत जोडली. बकेट कशी झटक्यात उचलली!

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हेच. खऱ्या मशीनमध्ये हवेऐवजी तेल का, हे त्या पोरीला हाताने कळलं होतं. पाटीवर नाव तिघांचं होतं. नळ्या कुणी कापल्या, हे मी विचारलं तेव्हाच समजलं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी आळीत जेसीबी आला आणि एखादी मुलगी विचारेल, "ही बकेट वर जाते कशी?" तर तिला हाकलू नका. शिलाई मशीनचं झाकण उघडून दोन चाकं दाखवा, सोऱ्या हातात द्या, मेडिकलमधून दोन सिरिंज आणि नळी आणून द्या. आणि तिने काही केलं, तर ते कुणी उठायच्या आत सोडवून ठेवायला लावू नका. दिवसभर ओट्यावर राहू दे. येणारे-जाणारे बघतील.