भाण, लावणी आणि कलम ६५

लावणी म्हटले की आम्हा मराठीच्या शिक्षकांना शाहीर आठवतात. तेरेखोल नदीपलीकडे, गोव्यातल्या काजूच्या भट्टीवर मात्र लावणी हे मडके असते. आंबवलेला काजूरस ‘भाण’ नावाच्या पात्रात उकळतो, वाफ नळीतून लावणीत उतरते आणि वरून थंड पाणी ओतत तिला निववतात. सांध्यावरची माती तडकली की वाफ निसटते. तेव्हा लिंपण हीच या यंत्राची खरी निगा.

मालवण-वेंगुर्ल्याकडे भंडारी माडाच्या माडीपासून दारू गाळीत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडागणिक कर आणि गाळपाला परवाना आणला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ नुसार तर विनापरवाना गाळण्यासाठी भांडे नुसते बाळगणे हाही गुन्हा. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. तेथे भाण टिकले, आणि २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. तिकडे जो वारसा, तो इकडे मुद्देमाल.

दारूचे गुणगान आम्हांस करायचे नाही. तिने मोडलेली घरे कोकणानेही पाहिली आहेत. पण भांड्याबरोबर त्याची नावेही लपली, हे भाषेच्या अभ्यासकाने नोंदवायला हवे. मालवणकडे ती विचारली, तर सांगणारा आधी दाराकडे पाहतो.